ठासणीची बंदूक आणि लिव्हरची रायफल

परवा अमेरिकेतल्या पुतण्याने एक फोटो पाठवला. टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला, आणि त्यावर सुटी केलेली एक रायफल. खाली लिहिले होते, "काका, ही माझी लिव्हर-अ‍ॅक्शन. अक्रोडाचा नवा दस्ता बसवला, लिव्हरची कडी मोठी केली, माशीही बदलली. सगळं घरीच! गावच्या घरात आजोबांची बंदूक होती ना? ती मला हवी आहे. दोघी शेजारी शेजारी भिंतीवर लावीन."

चार दिवस झाले, त्याला उत्तर दिलेले नाही. आज देतो आहे. बाकीच्या नातेवाइकांनाही ते कळायला हवे, म्हणून इथेच देतो.

आधी त्याच्या रायफलीबद्दल. चापाखाली एक कडी असते. ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत जाते आणि घोडाही चढतो. विंचेस्टर कंपनीची १८७३ची रायफल याच जातीची. जॉन ब्राउनिंगने आराखडा केलेली १८९४ची रायफल तर सत्तर लाखांहून अधिक खपली. तिकडच्या शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या घरात ती आपल्याकडच्या कोयत्या-कुऱ्हाडीसारखी असायची.

मग आमच्या मावळात ती का आली नाही? मावळ्याला बंदुकीचे वावडे होते म्हणावे, तर तसे मुळीच नाही. शिवकालापासून इथल्या गडांवर तोड्याची बंदूक चालवणारे बर्कंदाज होते. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून वर आली. कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला 'इष्टुर फाकडा', ४ जानेवारीला कार्ल्याजवळ पडला. तळेगावपर्यंत येऊन फौजेला माघार घ्यावी लागली, तेव्हा जड तोफा तळ्यात ढकलून द्याव्या लागल्या. पुढे वडगावला वेढा पडला आणि तहावर सह्या झाल्या. वर्गात हा धडा शिकवताना मुले नेहमी विचारत, "सर, त्या तोफा अजून तळ्यात आहेत का?" मी म्हणायचो, "आधी गणिताचा पेपर दे, मग बुडी मार."

पण काळ फिरला. मार्च १८१८ मध्ये विसापूर आणि लोहगड इंग्रजांच्या हाती गेले. १८५७ नंतर तर सरकारने एक धडा पक्का गिरवला : देशी माणसाच्या हातात एक पिढी जुने हत्यार द्यायचे. गोऱ्या फौजेकडे मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा देशी पलटणींच्या हातात स्नायडर होती. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हा कुठे देशी शिपायाला मार्टिनी मिळाली. गंमत बघा, या मार्टिनीलाही खाली लिव्हरच असते. पण एका वेळी एकच काडतूस! पुढे तर इशापूरच्या कारखान्यात चांगल्या .३०३ रायफली बदलून .४१० बोअरच्या, आत आटे नसलेल्या, एकबारी बंदुका करून पोलिसांना दिल्या गेल्या. पुतण्या रायफल सुधारतो, सरकारने ती मुद्दाम बिघडवली. दोन्हीला कस्टमायझेशनच म्हणायचे!

सामान्य रयतेसाठी लॉर्ड लिटनने १८७८चा शस्त्र कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार नाही, आणि गोऱ्यांना मात्र सूट. १८८७च्या मद्रास काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला होता. आपण शिकलो तो राग खरा होता. पण स्वराज्य आल्यावर १९५९ साली आपला स्वतःचा कायदा झाला, तेव्हा परवाना राहिलाच. त्या कायद्यात नळी आखूड करायलासुद्धा वेगळा परवाना लागतो. आणि त्यातच एक छोटी सोय आहे : पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक.

आमची बंदूक ही त्या सोयीतली. लांब नळी, वर केपाचा घोडा. दस्त्याला तडा गेला होता, तिथे आजोबांनी पितळी पत्रा ठोकून घेतलेला. गज हरवला, तेव्हा दुसरा करून घेतला. एवढेच आमच्या घराचे कस्टमायझेशन. आंबेमोहोर पोटरीला आला की वडील रात्री माळ्यावर बसत. दारू ठासायची, वर चिंधीचा बोळा, आणि नुसता बार काढायचा. छर्रे क्वचितच. रानडुकरे पळायची आणि समोरच्या डोंगरावरून आवाज परत यायचा. तो दुसरा आवाज ऐकण्यासाठी मी जागा राहायचो.

वडिलांमागे परवाना माझ्या नावावर झाला. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकालानंतर परत. मी शाळामास्तर, एक बारही काढला नाही. पण ती खुंटीवर असली की वडील घरात आहेत असे वाटे.

दरम्यान शेत विकले गेले. द्रुतगती मार्ग झाला, बंगलेवाले आले, भाव आला. सही मीही केली. २०२१ मध्ये नूतनीकरणाला गेलो, तेव्हा टेबलापलीकडच्या तरुणाने अर्ज वाचून अगदी अदबीने विचारले, "सर, कारण 'पीक संरक्षण' लिहिलंय. पीक कोणतं आहे?"

चाळीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. या एका प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

मी बंदूक सरकारजमा केली. पावती घेतली आणि रिक्षाने घरी आलो. भावाला विचारले नाही, पुतण्यालाही नाही. सांगितले असते तर वाद झाला असता; आणि खरे सांगायचे तर शेताबद्दलही बोलावे लागले असते. ते मला नको होते.

तर बाळा, आजोबांची बंदूक नाही. तुझा तिच्यावर माझ्याइतकाच हक्क होता आणि मी तुला विचारायला हवे होते, ही माझी चूक. पण एक सांगतो. ती भिंतीवर लावायची वस्तू नव्हती, ती भाताची राखणदार होती. भात गेला, तेव्हाच ती गेली होती. पावती माझ्या ट्रंकेत आहे. येशील तेव्हा दाखवीन.

आणि रात्री आपण त्या डोंगरासमोर जाऊन एक हाक मारून बघू. आवाज अजून परत येतो का, ते कळेल.