सख्खे की चुलत?

वर्गात एकाच आडनावाची चार पोरं असली की हजेरी घेताना माझा हमखास घोळ व्हायचा. जंतूंच्या बाबतीतही असंच होतं, हे म्हातारपणी कळलं.

सौ.चा खोकला हटेना. थुंकीच्या काचपट्टीवर तांबडे जंतू दिसले आणि क्षय ठरला. सहा महिने गोळ्या झाल्या. इथे पालीच्या घरात तिने आपली कपबशी वेगळी केली, नातवाला जवळ घेईना. खोकला मात्र तसाच! शेवटी मुंबईत थुंकीतले जंतू वाढवून पाहिले, तर ते क्षयाचे नव्हतेच. माती-पाण्यात राहणारे त्यांचे चुलत भाऊ निघाले. काचपट्टीवर दोघे सारखेच तांबडे दिसतात.

इतिहासाचा मास्तर मी, जुनं शोधायला लागलो. १८७३ साली हॅन्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला, १८८२ साली कॉखने क्षयाचा. क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढला, कुष्ठरोगाचा काही वाढेना. १९५८ साली परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकर, डॉ. बापट आणि आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जंतू वाढवून दाखवला. केंद्राच्या नावावरून तो 'आयसीआरसी' म्हणून ओळखला गेला. पुढे ठरलं की तो 'एव्हियम-इंट्रासेल्युलर' गटातला, म्हणजे चुलत भाऊच. कुष्ठरोगाचा खरा जंतू आजही काचेच्या बशीत वाढत नाही.

पण श्रम फुकट गेले नाहीत. हेच जंतू मारून कुष्ठरोगावर लस केली गेली. तमिळनाडूतल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले, तेव्हा तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं.

प्रयोगशाळेत ओळख चुकली तरी त्यातून लस निघाली. घरात चुकली, तेव्हा नातवाचे सहा महिने गेले.

म्हणून सांगतो, गोळ्या घेऊनही खोकला राहिला तर जंतू वाढवून त्याची जात ओळखायला सांगा. चुलत जंतू सापडला म्हणजे लगेच औषध हवंच असं नाही. त्रास, छातीचा सीटी स्कॅन आणि पुन्हा पुन्हा तपासलेली थुंकी बघून डॉक्टर ठरवतात. सौ.ला तीन औषधं दिली आहेत. थुंकी स्वच्छ झाल्यावरही ती वर्षभर घ्यायची आहेत. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी तिने नातवाला मांडीवर घेतलं.

असो. कपबशी आता पुन्हा सगळ्यांत मिसळली आहे.