फ्रेंच वाङ्मयाची वाट कल्याणीवरून

पावसाळा सरल्यावर चार दिवसांची रजा टाकून बसवकल्याणला जाऊन आलो. पणजीहून सोलापूर, सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने उमरगा, आणि पुढे कर्नाटकाची हद्द ओलांडली की महामार्गापासून थोडे आत हे गाव लागते. बिदर जिल्ह्यातला तालुका. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात, आणि कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून.

गोव्याच्या माणसाने इथे एकदा तरी यावे. हेच ते पूर्वीचे कल्याणी, चालुक्यांची राजधानी. आपले कदंब हे या चालुक्यांचे मांडलिक. त्यांतला जयकेशी दुसरा हा तर सहाव्या विक्रमादित्याचा जावई. मैळलदेवी ही कल्याणीची लेक. म्हणजे नात्याने पाहिले तर ही गोव्याची सासुरवाडीच झाली.

मी किल्ल्यात हिंडत होतो आणि नेमका तेव्हाच भाच्याचा फोन आला. तो पणजीत फ्रेंच शिकतो. पहिली परीक्षा झाली आहे आणि आता अभिजात फ्रेंच वाङ्मय वाचायचे त्याच्या मनाने घेतले आहे. कुणीतरी त्याला प्रूस्तपासून सुरुवात कर म्हणून सांगितले होते. प्रूस्तची ती कादंबरी १९१३ ते १९२७ या काळात सात भागांत प्रसिद्ध झाली. बिचारा पहिल्या भागाच्या तिसाव्या पानावर अडकला होता. "मामा, सुरुवात कुठून करू?" असे त्याने विचारले.

"थांब, घरी आल्यावर सांगतो," म्हटले. प्रश्न मला लागला होता, कारण मी स्वतः या दारावरून एकदा परत आलेला माणूस आहे.

बी.ए.ला असताना मी ग्रंथालयातून ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'चा जाडजूड इंग्रजी अनुवाद आणला होता. जाँ व्हालजाँ आणि बिशपच्या चांदीच्या भांड्यांपर्यंत छान चालले होते. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला वॉटर्लूची लढाई आली. प्रकरणांमागून प्रकरणे नुसती लढाई! कोण कुठल्या बाजूने आला आणि कुठे पडला, काही कळेना. पुस्तक परत केले. आमच्या एका प्राध्यापकांना हे सांगितले तर ते म्हणाले, "अरे, हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. त्याला घरातच ते वातावरण लागते." सहज बोलले असतील, पण ते वाक्य मनात राहिले. पुढे नोकरी लागली, फायली आल्या, आणि पंचवीस वर्षे मी फ्रेंच पुस्तकाला हात लावला नाही. भाच्याच्या बाबतीत असे होऊ नये असे वाटले.

आणि गंमत म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला कल्याणीच्या चालुक्यांकडेच सापडले.

या घराण्यातला दुसरा जयसिंह, म्हणजे जगदेकमल्ल. त्याच्या पदरी दुर्गसिंह नावाचा संधिविग्रही होता. तह करणे, लढाईची बोलणी करणे, त्याचे कागद लिहिणे, हे त्याचे खाते. राजधानी पुढे सोमेश्वर पहिल्याने कल्याणीला आणली. दुर्गसिंह त्याच्या थोडा आधीचा. या अधिकाऱ्याने इ.स. १०३१ च्या सुमारास कन्नडमध्ये पंचतंत्र लिहिले. आपल्याला ठाऊक आहे ते विष्णुशर्म्याचे पंचतंत्र. दुर्गसिंहाने मात्र वसुभाग नावाच्या दुसऱ्याच एका पंडिताची संस्कृत परंपरा उचलली. तो स्वतःच सांगतो, की गोष्टी मुळात गुणाढ्याच्या पैशाची भाषेतल्या बृहत्कथेतल्या, तिथून त्या वसुभागाने घेतल्या आणि वसुभागाकडून मी घेतल्या. गुणाढ्य म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहनांशी परंपरेने जोडलेला कवी. वसुभागाची ही शाखा पूर्वेकडे गेली आणि जावा, सयाम, लाओसपर्यंत पोचली.

पश्चिमेकडे गेलेल्या शाखेची हकीकत याहून मोठी आहे. सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या वैद्याने, बुर्झोयने, पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचे अरबी केले, ते 'कलीला व दिम्ना'. आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे म्हणजेच हे कलीला आणि दिम्ना. पंधराव्या शतकाच्या अखेरीस काशिफीने फारसीत त्याचे 'अन्वार-ए-सुहैली' केले. त्यावरून १६४४ साली पॅरिसमध्ये एक फ्रेंच पुस्तक निघाले. ते वाचले ज्याँ द ला फोंतेन याने.

आता हा ला फोंतेन कोण? जन्म १६२१, मृत्यू १६९५. फ्रान्समधल्या शाळकरी पोराला याच्या दोनचार कविता तोंडपाठ असतात. पण मला त्याची नोकरी आवडली. शातो-तिएरी या त्याच्या गावी तो 'पाणी आणि जंगले' या सरकारी खात्याचा अधिकारी होता. म्हणजे आपल्या भाषेत वनखात्यातला माणूस! वडिलांचीही नोकरी तीच. दप्तरी कामात त्याचे फारसे लक्ष नसे असे म्हणतात. जंगलातले प्राणी मात्र त्याने पुष्कळ पाहिले असावेत.

त्याच्या पद्यकथांचे पहिले सहा भाग १६६८ साली आले. ते मुख्यतः इसापावर आधारलेले. १६७८ साली पुढचा संग्रह आला तेव्हा प्रस्तावनेत त्याने स्वच्छ लिहिले, की यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मी पिल्पे नावाच्या हिंदी पंडिताचा ऋणी आहे. पिल्पे म्हणजे अरबी पुस्तकातला गोष्टी सांगणारा बिदपाई.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो उसळलाच. "म्हणजे त्यांनी आपलेच ढापले!" तुमच्यापैकीही काहींना असेच वाटले असेल. मला तसे वाटत नाही. ला फोंतेनने ऋण लपवले नाही, आणि दुर्गसिंहानेही नाही. दोघेही कुणाकडून घेतले ते सांगून मोकळे झाले. शिवाय 'सगळे आमच्याकडूनच गेले' असे म्हणून पुस्तक मिटणे, आणि 'हे आपल्यासारख्यांचे नव्हे' असे म्हणून मिटणे, यांत पुस्तक मिटलेलेच राहते.

मी ला फोंतेनपासून सुरुवात कर म्हणतो त्याचे कारण वेगळे आहे. अनोळखी वाङ्मय वाचताना आपला सगळा जीव गोष्ट समजण्यातच जातो. वॉटर्लूला माझे तेच झाले. गोष्ट आधीच ठाऊक असली की मग लेखकाने तिचे काय केले ते दिसू लागते.

उदाहरणार्थ बडबड्या कासवाची गोष्ट घ्या. पंचतंत्रात कंबुग्रीव नावाचे कासव आहे. दुष्काळ पडतो, तळे आटते, म्हणून संकट आणि विकट हे दोन हंस त्याला काठीवरून नेतात. खाली लोक गलका करतात, कासव तोंड उघडते आणि पडते. हिताचे सांगणाऱ्या मित्रांचे ऐकावे, हा बोध. ला फोंतेनमध्ये दुष्काळ नाहीच. त्याच्या कासवीला घराचा कंटाळा आला आहे आणि तिला जग बघायचे आहे! दोन बदके तिला अमेरिका दाखवण्याचे कबूल करतात. खालून लोक ओरडतात, बघा, कासवांची राणी चालली! आणि कासवी तोंड उघडते ती "होय, राणीच मी" हे सांगण्यासाठी. आपले कासव तोंड आवरत नाही म्हणून मरते; त्याची कासवी कौतुकाला भुलून मरते. चौदाव्या लुईच्या काळात, जिथे राजाने एकदा पाहावे म्हणून सरदार दिवसदिवस ताटकळत, तिथे ही गोष्ट कशी वाचली गेली असेल याची कल्पना करा.

दुसरे उदाहरण. सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगून खाली स्वप्ने रंगवणारा आणि लाथ मारून मडके फोडणारा ब्राह्मण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. युरोपभर फिरता फिरता त्याची गवळण झाली. मॅक्स म्युलरने १८७० साली या एका गोष्टीच्या प्रवासावर मोठा निबंध लिहिला आहे. ला फोंतेनमध्ये तिचे नाव पेर्रेत. डोक्यावर दुधाचे भांडे घेऊन बाजाराला निघाली आहे. दुधाची अंडी, अंड्यांची कोंबडी, मग डुक्कर, मग गाय आणि वासरू. वासरू उड्या मारते म्हणून तीही उडी मारते आणि दूध सांडते. इथपर्यंत आपण हसतो. पण कवी पुढे म्हणतो, की अशी स्वप्ने कोण पाहत नाही? मी स्वतः पाहतो. एकटा असलो की मनातल्या मनात राजा होतो, आणि मग काहीतरी घडते आणि पुन्हा होतो तोच साधा माणूस उरतो. पंचतंत्र त्या ब्राह्मणाला हसते. ला फोंतेन पेर्रेतला हसता हसता स्वतःला तिच्या शेजारी नेऊन बसवतो. वेतन आयोगाची थकबाकी हातात पडण्याआधी तिच्यात फ्रीज, गच्चीची दुरुस्ती आणि काशीयात्रा बसवणाऱ्या आम्हा कारकुनांना हे वेगळे सांगायला नको.

आणि 'प्लेगने आजारी पडलेले प्राणी' ही गोष्ट तर प्रत्येक सरकारी नोकराने वाचावी. जंगलात प्लेग येतो. सिंह सभा बोलावतो आणि म्हणतो, ज्याचे पाप मोठे त्याचा बळी देऊ. तो स्वतः मेंढ्या आणि कधी धनगरही खाल्ल्याचे कबूल करतो. कोल्हा म्हणतो, महाराज, तो तर मेंढ्यांचा सन्मान! वाघ, अस्वल सगळे सुटतात. शेवटी गाढव सांगते, की मठाच्या कुरणातून जाताना जिभेभर गवत खाल्ले होते. सगळे त्याच्यावर तुटून पडतात. ही गोष्ट पंचतंत्रातली नव्हे, तिचा वंश युरोपातलाच आहे. तरी सिंहासाठी स्वतःला अर्पण करायला निघालेला आपला तो भोळा उंट, क्रथनक, आठवल्यावाचून राहत नाही. खातेनिहाय चौकशी पाहिलेल्याला बाकीचे समजावून सांगावे लागत नाही.

गोव्याचा धागाही यात आहे. पोर्तुगीज कवी बोकाझ १७८६ ते १७८९ या काळात नौदलातला अधिकारी म्हणून गोव्यात होता. इथे तो रमला नाही आणि गोवेकरांची टवाळी करणारी सुनीते लिहून गेला. याच बोकाझने पुढे ला फोंतेनच्या कथा पोर्तुगीजमध्ये आणल्या. आणि आपल्या नावेलीचे फ्रान्सिस्क लुईस गोमिश १८६१ साली लामार्तिन या फ्रेंच कवीला पत्र लिहून स्वतःची ओळख भारताचा पुत्र म्हणून करून देत होते. १८६७ साली त्यांनी अर्थशास्त्रावरचा ग्रंथ थेट फ्रेंचमध्ये लिहून पॅरिसला छापला. घरातले वातावरण म्हणाल तर ते गोव्यात दीडशे वर्षांपूर्वीच होते.

म्हैसूरकडचा एक धागाही सांगतो, कारण त्याने वर्तुळ पुरे होते. आबे द्युब्वा हा फ्रेंच पाद्री तीस वर्षे दक्षिणेत, मुख्यतः म्हैसूर भागात राहिला. १८२६ साली पॅरिसमध्ये त्याने पंचतंत्राचे फ्रेंच भाषांतर छापले. ते तमिळ, तेलुगू आणि कन्नड प्रतींवरून केलेले होते. म्हणजे अरबस्तान, इराण असा वळसा न घेता पंचतंत्र एकदा सरळ कन्नडमधूनही फ्रेंचमध्ये गेले. त्याच्या चारच वर्षे आधी, १८२२ साली, मुंबईत मराठी 'पंचोपाख्यान' छापले गेले होते.

असो. भाच्याला मी जो क्रम लिहून दिला तो असा.

पहिला महिना ला फोंतेन. सगळ्या २४० च्या आसपास कथा वाचू नयेत. कासवी आणि दोन बदके, पेर्रेत, प्लेगने आजारी प्राणी, दोन कबुतरे, आणि विश्वासघातकी ठेवीदार (लोखंड उंदरांनी खाल्ले ती आपली गोष्ट), एवढ्या पुरेत. फ्रेंच येत असेल तर मोठ्याने वाचाव्या, नसेल तर इंग्रजीतून.

मग मोलिएर, तोही आपल्याकडे येऊन गेलेला. हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि अत्र्यांचे 'कवडीचुंबक' ही त्याच्याच नाटकांची रूपे. आधी मराठी वाचावे, मग मूळ. इथेही गोष्ट ठाऊक असल्याचा फायदा होतो.

त्यानंतर व्होल्तेरचे 'झादिग' आणि 'काँदीद', दोन्ही छोटी. मग मोपासांच्या कथा, दिवसाला एक. मग बाल्झाकचे 'म्हातारा गोरिओ' आणि फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी'. ह्यूगोसाठी आधी साने गुरुजींचे 'दुःखी' वाचावे; ते 'ले मिझेराब्ल'वरच आधारलेले आहे. मूळ वाचताना वॉटर्लूची पाने खुशाल उलटावीत, पाप लागत नाही. प्रूस्त निवृत्तीनंतर.

मीही भाच्याबरोबर पुन्हा सुरुवात केली आहे. या खेपेस ह्यूगो घेतला आणि वॉटर्लू ओलांडून पुढे गेलो आहे. काही पाने चाळली हे कबूल करतो. पण जाँ व्हालजाँ आता झऱ्यावर पाणी आणायला गेलेल्या त्या छोट्या कोझेतला भेटला आहे, आणि ते प्रकरण वाचून दिवा मालवला तरी झोप आली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी या पानाच्या अगदी थोडे अलीकडे थांबलो होतो.

काल भाच्याचा निरोप आला. "मामा, पेर्रेत वाचली. तुमची थकबाकी आठवली."