पहिली रील कामगारांची होती

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अर्ज लिहून घ्यायला घरी आला. शाळेत असताना निबंध लिहायचा म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं, पण बोलायला लागला की वर्ग हसून लोळायचा. दहावीनंतर तो गावातल्या एका कापड दुकानात लागला. आधी थान उचलणं, घड्या घालणं, मग मोजमाप, मग काउंटर. तीनेक वर्षांपूर्वी मालकांनी मोबाईल उभा करायचं स्टँड आणलं आणि याला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. अर्धं मराठी, अर्धं दखनी, मधेच एखादा शेर आणि हातात साडीचा पदर. व्हिडिओ धडाधड पसरले. औराद, कासारशिरसी, देवणी, अगदी भालकीपासून बायका दुकानात येऊन विचारायच्या, "तो छोटू कुठाय?" छोटू हे त्याचं नाव नाही. ते मालकांनी व्हिडिओपुरतं ठेवलेलं.

मग त्याला लातूरला दुसऱ्या दुकानात जास्त पगाराची जागा मिळाली आणि तो गेला. व्हिडिओ मात्र जुन्या दुकानाच्या पानावर राहिले. नवीन माल आला की मालक त्याचाच जुना व्हिडिओ खाली नवी किंमत टाकून परत चढवतात. हा लातूरच्या काउंटरवर उभा आणि त्याचंच तोंड निलंग्यात गिऱ्हाईक बोलावतंय.

"सर, मी तिथं नाही, पण माझं काम तिथं चालायलंय की. बिनपगारी. असा अर्ज लिहा की त्यांना समजलं पाहिजे."

मी कागद घेऊन बसलो आणि अडकलो. सुट्टीचा अर्ज, दाखल्याचा, थकीत पगाराचा, असे ढीगभर अर्ज लिहिलेत मी लोकांना. पण "माझा चेहरा परत द्या" या मागणीचा नमुना कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात नाही. दोन दिवसांनी ये म्हणून त्याला परत पाठवलं. त्या दोन दिवसांत जे वाचलं, जे आठवलं, ते इथे मांडतो.

आपल्याला वाटतं की दुकानातल्या माणसांना कॅमेऱ्यापुढे उभं करणं हे परवाचं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. तेव्हापासून निलंगा राईसच्या गाडीवर भात परतणाऱ्या पोरापासून सोन्याच्या दुकानातल्या सेल्सगर्लपर्यंत सगळे पडद्यावर आले. हिशोब साधा आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला पैसे लागतात, नट आणायचा तर जास्त लागतात आणि काउंटरवरच्या पोराला पगार तर आधीच दिलेला असतो.

पण ही युक्ती चित्रपटाइतकीच जुनी आहे, आणि हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. फ्रान्समधल्या लियाँ शहरात लुमिएर घराण्याचा फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. ऑग्युस्त आणि लुई या भावांनी हलती चित्रं टिपणारं यंत्र तयार केलं आणि १८९५ च्या मार्चमध्ये ते आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर मांडलं. सुट्टी होते, दार उघडतं, कामगार बाहेर पडतात. त्यात बायकाच जास्त. एक कुत्रा इकडून तिकडे पळतो. सगळं मिळून पन्नास सेकंदांच्या आत. आजच्या रीलचीच लांबी म्हणा ना! २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ झाला, त्याची सुरुवात या तुकड्याने झाली. मालक, मालकाचा कॅमेरा, मालकाचं फाटक आणि मालकाचे कामगार. तोही स्टाफचाच व्हिडिओ होता. आणि धंदाही फोटोचाच असल्यामुळे ती आपोआप मालाचीही जाहिरात झाली.

याची एक गंमत मला फार उशिरा कळली. त्या चित्रफितीचे तीन वेगवेगळे नमुने आहेत. एकात फाटकातून एका घोड्याची गाडी निघते, दुसऱ्यात दोन घोड्यांची, तिसऱ्यात गाडीच नाही. अंगावरचे कपडेही वेगळे. म्हणजे मनासारखं होईपर्यंत कामगारांना परत परत बाहेर पडायला लावलं. माझा विद्यार्थी हे ऐकून लगेच म्हणाला, "आमचं पण तसंच सर. 'सहज बोल' म्हणतेत आणि अकरा बार बोलाय लावतेत."

लियाँमधल्या त्या रस्त्याला आज 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असं नाव आहे आणि कारखान्याच्या जागी लुमिएर यांच्या नावाची संस्था आहे. पडद्यावर मात्र त्या बायकांपैकी कुणाचंही नाव येत नाही.

हा तुकडा आपल्याकडेही फार लवकर पोचला. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएरच्या माणसाने सहा चित्रफिती दाखवल्या, एक रुपया तिकीट लावून. त्यात आगगाडी होती, समुद्रस्नान होतं, आणि कारखान्यातून बाहेर पडणारे हे कामगारही होते. हिंदुस्थानात पडद्यावर हललेल्या पहिल्या माणसांमध्ये राजे-महाराजे नव्हते, दुसऱ्याच्या कारखान्यातले नोकर होते.

पुढचा माणूस आपल्या ओळखीचा आहे. दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' काढताना त्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नको त्या वस्त्यांत जाऊन विनंत्या करून झाल्या. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा नाजूक हातांचा एक तरुण त्यांच्या नजरेला पडला, अण्णा साळुंके. त्याला तिथे महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ ला कोरोनेशन सिनेमात लोकांनी जी तारामती पाहिली ती हीच. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये साळुंकेच राम झाले आणि साळुंकेच सीताही. पुढे ते कॅमेऱ्यामागेही गेले.

हे पाच रुपये माझ्या डोक्यातून जाईनात. शाळेत आम्ही फाळक्यांचा धडा शिकवतो तेव्हा ही रक्कम गमतीची म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण ती गंमत नाही. हॉटेलातल्या कामाचे दहा. चेहरा, हात, चाल दाखवायची म्हणून आणखी पाच. दीडपट. फाळके काही श्रीमंत नव्हते, बायकोचे दागिने गहाण टाकून त्यांचा धंदा चालला होता. तरी चेहऱ्याला वेगळी किंमत आहे हे त्यांनी धरलं. त्या काळी सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी. म्हणून ते मंडळींना सांगत, कुणी विचारलं तर म्हणा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. आता उलटं झालंय. फॅक्टरीत, दुकानात कामाला म्हणून घ्यायचं आणि सिनेमातलं काम करून घ्यायचं.

फाळक्यांनी १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' नावाची एक छोटी फीतही काढली. तिच्यात ते स्वतः नटांना काम सांगताना, फिल्म जोडताना दिसतात. मालक स्वतः पडद्यावर आला की प्रश्न फारसा उरत नाही. मसाल्याच्या डब्यावरचे पगडी आणि पांढऱ्या मिशांचे एमडीएचचे गुलाटी आठवा. चेहराही त्यांचा, मसालाही त्यांचा, नफाही घरातच. भांडण उभं राहतं ते चेहरा एकाचा आणि गल्ला दुसऱ्याचा असतो तेव्हा.

मराठी कारखानदारीत याचं सगळ्यात जवळचं उदाहरण शोधायला गेलो तर किर्लोस्करवाडी लागते. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल म्हणून शेतकरी हात लावीनात. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. माल चांगला असून भागत नाही, लोकांना सांगावं लागतं, हे या घराण्याला कुणी वेगळं शिकवायला नको होतं. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारं पत्र. आजच्या भाषेत दुकानाचं पेज. ते वाढत वाढत मराठीतलं नामवंत मासिक झालं, त्याला 'स्त्री' आणि 'मनोहर' अशी भावंडंही झाली.

उर्दूचा मास्तर म्हणून एक शब्द मधेच. 'खबर' पुढे नावातून गळाला आणि नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. तो भाषाशुद्धीच्या चळवळीचा काळ होता आणि त्या चळवळीचे म्होरके सावरकर या मासिकाचे लेखकही होते. शब्द काढून टाकल्याने मासिक काही कमी मराठी किंवा जास्त मराठी झालं असं मला वाटत नाही. अरबी-फारसी काढायचीच तर दुकान जाईल, मालक जाईल, नोकर जाईल, चेहरा जाईल, जाहिरात जाईल, आणि मी लिहायला बसलो होतो तो अर्जसुद्धा जाईल. पगार तेवढा राहील, कारण तो पोर्तुगीज आहे.

किर्लोस्करवाडीत मला भावतं ते दुसरंच. लक्ष्मणरावांच्या कहाणीत सोबत्यांची नावं टिकून आहेत. हिशोब सांभाळणारे मंगेशराव रेगे, यंत्रं बघणारे शंभोराव जांभेकर, शाळा सोडलेले पण कल्पक अनंतराव फळणीकर. आणि पहाऱ्यावरचे तुकाराम रामोशी आणि पिराजी मांग. या दोघांवर गुन्हेगारीचा शिक्का होता, पण लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण त्यांच्याच हाती दिली. ती कहाणी सांगणारे बहुतेक मालकाच्या बाजूचेच, हे खरं. त्यातून कारखान्याचं नाव मोठं झालं, हेही खरं. पण पिराजीला तिथे कुणी छोटू केलं नाही.

नावावरून गौहर जान आठवते. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गायझबर्गने तिचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते. कारण व्यवहारातलं होतं, तबकड्या दूर जर्मनीत दाबल्या जायच्या आणि तिथल्या कारागिराला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. पण त्या एका वाक्यामुळे तबकडी कुणाच्याही हातात गेली तरी आवाज तिचाच राहिला. माझ्या विद्यार्थ्याने अडीचशेच्या आसपास व्हिडिओ केले. त्यातल्या एकातही त्याचं नाव नाही.

उर्दूत जाहिरातीला 'इश्तेहार' म्हणतात. 'शोहरत' आणि 'मशहूर' त्याच मुळातून आलेले. एरवी वर्गात मी हे मोठ्या हौसेने फळ्यावर लिहितो. या पोराचं बघून वाटलं, तिघांची नुसती मुळं एक असून भागत नाही. मशहूर हा झाला आणि इश्तेहार दुसऱ्याचा झाला.

मालकांची बाजू नाहीच असं नाही. मी त्यांना जाऊन भेटलो. पन्नाशीचे गृहस्थ, चहा मागवला, नीट बोलले. म्हणाले, "सर, मोबाईल माझा, साडी माझी, दुकान माझं, कामाच्या वेळेत काढलेला व्हिडिओ. त्याला लातूरला नोकरी तरी कशामुळे मिळाली? त्या व्हिडिओमुळंच ना?" हे बरोबर आहे आणि मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचलं. त्याने घडी घातलेली साडी विकली की ती संपते. त्याने मोजलेलं कापड गिऱ्हाईक घेऊन जातं. नोकरी सोडल्यावर त्याचं दुकानात काही उरत नाही. हा व्हिडिओच एक असा आहे की माणूस गेला तरी कामावर येतो. लुमिएरच्या बायका सव्वाशे वर्षं त्या फाटकातून बाहेर पडतायत, पण निदान कुणी त्यांच्या खाली नवी किंमत लिहून काचा विकत नाही.

कायद्याचंही पाहिलं. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. संमती घ्यावी आणि दिलेली संमती परत घेता यावी, हे त्यात आहे. पण निलंग्यातल्या काउंटरवरच्या पोराने त्यासाठी कुठे जायचं? आणि संमती तरी कधी घेतली होती? "ये रे, जरा उभा राहा इथं," एवढंच. बावीस वर्षांचं पोर मालकाला नाही कसं म्हणणार?

शेवटी अर्ज लिहिला. कायदा त्यात घातला नाही, फाळक्यांचे पाच रुपये घातले. मालक शिकलेले आहेत, त्यांना कळेल म्हणून. मागण्या दोनच ठेवल्या. नोकरी सोडल्यानंतर परत चढवलेले व्हिडिओ काढावेत, आणि जे राहतील त्यांवर खरं नाव लिहावं. त्याने वाचला, "विनम्र"च्या जागी "आपला" करा म्हणाला, आणि खाली बापाच्या नावासकट पूर्ण नावाची सही केली.

मालकांनी चार-पाच व्हिडिओ काढले, बाकीचे आहेत. नाव अजून कुठे लिहिलेलं नाही.

मागच्या शुक्रवारी तो परत आला. लातूरच्या दुकानातही आता स्टँड आलंय आणि याला उभं राहायला सांगितलंय. याने म्हटलं, आधी कागद करू. दर व्हिडिओमागे काही रक्कम, व्हिडिओत नाव, आणि नोकरी सुटल्यावर व्हिडिओ खाली. तिथले शेठ आधी हसले, मग पहिल्या दोन गोष्टी त्यांनी लिहून दिल्या. तिसरीला ते तयार नाहीत. तो कागद त्याने माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "सही करू का सर?" मी त्याला तो कागद माझ्याजवळ ठेवून सोमवारी यायला सांगितलंय.