दोन गाण्यांमधले सात सेकंद

जुलै 2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं बंद केलं. हे यंत्र बनवणारी ती जगातली शेवटची कंपनी मानली जात होती. 2015 साली तिने साडेसात लाख व्हीसीआर विकले होते. भरभराटीच्या काळात हाच आकडा वर्षाला दीड कोटी होता. गिऱ्हाईक घटलं होतं आणि सुटे भागही मिळेनासे झाले होते.

ही बातमी वाचून फारसं कुणी हळहळलं नसेल. हातात फोन असताना त्या काळ्या डब्याची आठवण कोण काढणार? पण एक गोष्ट लक्षात घ्या. फोटोंचा अल्बम बघायला यंत्र लागत नाही. पत्र वाचायला लागत नाही. सिनेमाची फिल्मसुद्धा उजेडासमोर धरली तर चौकटीत बारीक बारीक माणसं दिसतात. व्हीएचएसची टेप उजेडासमोर धरा. काळपट, चकाकणारी एक पट्टी दिसेल, बस. तिच्यात लग्न आहे, बारसं आहे की नुसत्या मुंग्या आहेत, हे यंत्राशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या घरात अशा अकरा कॅसेट होत्या आणि एक मेलेला व्हीसीआर. तो मी घरीच दुरुस्त केला. तो कसा जिवंत झाला हे सांगण्याआधी त्याच्या पोटात काय असतं आणि ते तिथे का असतं, हे सांगायला हवं.

साडेचार किलोमीटर टेप, पंधरा मिनिटं चित्र

आवाज टेपवर साठवणं तुलनेने सोपं. चित्रात मात्र माहिती शेकडो पटींनी जास्त असते, म्हणून ती उतरवायला टेप आणि हेड एकमेकांवरून प्रचंड वेगाने सरकावे लागतात. बीबीसीच्या इंजिनिअरांनी यावर सरळसोट उपाय केला: टेपच पळवायची. 1958 साली त्यांनी लोकांना दाखवलेल्या 'व्हेरा' या यंत्रात टेप सेकंदाला पाच मीटर धावायची. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाला जवळजवळ साडेचार किलोमीटर टेप लागायची.

अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने त्याआधीच, 1956 साली, हुशारी केली होती. टेप हळू चालवायची आणि हेडच गरगर फिरवायचं. पुढे जपानी कंपन्यांनी ही युक्ती आणखी लहान केली. फिरणारा ड्रम थोडा तिरका बसवला की हेड टेपवर तिरप्या रेघा ओढत जातं. एका रेघेत चित्राचा एक हिस्सा मावतो.

जेव्हीसीने 1976 साली बाजारात आणलेला व्हीएचएस याच वंशातला. त्याचा ड्रम 6.2 सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत तो मिनिटाला 1500 फेरे घेतो. टेप सेकंदाला जेमतेम 2.34 सेंटिमीटर सरकते, पण फिरणाऱ्या हेडमुळे लिहिण्याचा वेग सेकंदाला 4.87 मीटर होतो. जवळपास 'व्हेरा'इतकाच. फरक इतकाच की आता अडीचशे मीटर टेपमध्ये तीन तास मावतात आणि सगळा कारभार पुस्तकाएवढ्या कॅसेटमध्ये बसतो.

जेव्हीसीत शिझुओ ताकानो आणि युमा शिराइशी यांनी 1971 च्या सुमारास या यंत्राकडून काय काय हवं याची एक यादी केली होती. त्यात दोन तासांचं रेकॉर्डिंग होतं, परवडणारी किंमत होती, आणि आणखी एक कलम होतं: यंत्र दुरुस्त करायला सोपं असलं पाहिजे. पन्नासेक वर्षांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याला त्या एका कलमाचा फार उपयोग झाला.

आपल्याकडे तो कसा आला

1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. रंगीत टीव्ही आला, पण बघायला चॅनेल एकच. ही भूक व्हीसीआरने भागवली. आखातात नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना तो घेऊन येत. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत कित्येकांनी पहिला व्हीसीआर पाहिला तो दुबईहून किंवा मस्कतहून आलेल्या शेजाऱ्याच्या घरी.

ज्यांना घेणं परवडत नव्हतं ते भाड्याने आणत. एका रात्रीचा व्हीसीआर, सोबत रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट. आळीतली सगळी पोरं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे. बाबा सांगतात, यंत्र घेऊन येणारा मुलगा रात्री मुक्कामालाच असायचा. पडद्यावर मुंग्या आल्या की झाकण काढून कोऱ्या नोटेने हेड पुसायचा. मुंबईहून गावाकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांवर 'व्हिडिओ कोच' अशी पाटी झळकू लागली. मुंबईच्या इमारतींत कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर लावून घराघरांत वायर ओढली. आपल्या केबल टीव्हीची सुरुवात तिथली. चोरट्या कॅसेटचा इतका सुळसुळाट झाला की 1984 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. 1988 मध्ये 'न्यूजट्रॅक' हे बातम्यांचं मासिक चक्क कॅसेटवर निघालं, कारण टीव्हीवरची बातमी तेव्हा फक्त सरकारी होती.

याच वर्षांत लग्नात फोटोवाल्याच्या शेजारी व्हिडिओवाला उभा राहिला. डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा धरलेला त्याचा पोऱ्या, मांडवभर पसरलेली वायर आणि कॅमेरा आपल्याकडे वळला की ताठ होणारी माणसं. सामान्य मराठी घरातली माणसं हलताना, चालताना, बोलताना पहिल्यांदा साठवली गेली ती या कॅसेटवर. त्यांच्या आईवडिलांचे फक्त फोटो आहेत. त्यांच्या नातवंडांचे फोनमध्ये हजारो व्हिडिओ आहेत. मधली एक पिढी तेवढी टेपवर आहे.

मेलेलं यंत्र

आमचा व्हीसीआर बाबांनी 1992 साली मस्कतहून परतलेल्या मित्राकडून घेतला होता. वीस वर्षांहून जास्त काळ तो डोंबिवलीच्या घरात माळ्यावर चादरीत गुंडाळलेला होता. प्लग लावला तर घड्याळाचे आकडेसुद्धा पेटले नाहीत. दुकानात नेला तर उत्तर आलं, "भंगारात द्या, पार्ट मिळत नाहीत."

जुन्या व्हीसीआरच्या मरणाची एक गंमत आहे. बटण बंद केलं तरी त्याचा वीजपुरवठा विभाग चालूच असतो, कारण घड्याळ आणि रिमोट जागे ठेवायचे असतात. म्हणजे वर्षानुवर्षं तो भाग मंद आचेवर असल्यासारखा तापत राहतो. तिथल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असतं, ते सुकत जातं. एक छोटा कॅपॅसिटर सर्किटला सुरुवातीचा धक्का देण्याचं काम करतो. यंत्र चालू आहे तोवर त्याचं दुबळेपण कळत नाही. एकदा प्लग काढला की मात्र ते पुन्हा उठत नाही. घरात रंगकाम निघालं, व्हीसीआर हलवला आणि तो मेला, असं पूर्वी लोक सांगायचे त्यामागे बरेचदा हे कारण असायचं.

मल्टिमीटर लावून पाहिलं. फ्यूज शाबूत होता. मोठ्या कॅपॅसिटरवर 320 व्होल्टच्या आसपास वीज होती, म्हणजे घरातली वीज आत पोचत होती आणि पुढे अडत होती. (हा आकडा नीट वाचा. प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटर हा दाब काही वेळ धरून ठेवतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. ज्याला तो सुरक्षितपणे रिकामा करता येतो, त्यानेच झाकण उघडावं.) लॅमिंग्टन रोडवरून नवे छोटे कॅपॅसिटर आणले, जुने काढून तिथे सोल्डर केले. किंमत सगळी मिळून एका वडापावएवढी. प्लग लावला आणि बारा वाजून शून्य मिनिटांचे हिरवे आकडे लुकलुकायला लागले.

पण कॅसेट आत जायची आणि लगेच बाहेर यायची. व्हीसीआर कॅसेट गिळतो तेव्हा दोन खांब टेप बाहेर ओढून ड्रमला गुंडाळतात. हे काम करणाऱ्या मोटरचा रबरी पट्टा सैल पडला होता. जुने कारागीर असा पट्टा उकळत्या पाण्यात टाकायचे, तो थोडा आकसायचा आणि काही दिवस निभायचे. मी मापाचा नवा पट्टा शोधला. गिअरवरचं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, ते काढून नवं लावलं. झाकण उघडं असताना यंत्र पुन्हा पुन्हा थांबत होतं, त्याचं कारण वेगळंच निघालं. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते, तिच्यातून प्रकाश आरपार गेला की टेप संपली हे यंत्राला कळतं. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड त्याच्या डोळ्यांवर पडत होता. वर पुठ्ठा धरला आणि यंत्र मुकाट चालू लागलं.

शेवटी हेड. इथे कोरी नोट चालत नाही. मऊ कातड्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. वरखाली घासलं तर हेडचं नाजूक टोक तुटतं आणि मग सगळाच कारभार आटोपतो. ते टोक ज्या रेघा वाचतं त्यांची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी असते.

कॅसेट क्रमांक चार

घरच्या कॅसेट लगेच घातल्या नाहीत. आधी जुन्या बाजारातून आणलेली एक हिंदी सिनेमाची कॅसेट चालवली. ती खाल्ली असती तरी दुःख नव्हतं. आमच्या अकरापैकी तीन कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरे ठिपके दिसत होते. ती बुरशी. आपल्या पावसाळ्याची देणगी. तशी कॅसेट घातली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. त्या तीन अजून बाजूला आहेत.

क्रमांक चारवर आत्याच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: 'लग्न, सातारा, 1990'. मला ही कॅसेट हवी होती, कारण तिच्यात आजी होती. माझ्या जन्माआधीच ती गेली. तिचे पाच-सहा फोटो आहेत, सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडे बघून गप्प उभी आहे.

चित्र आलं. वर थोड्या मुंग्या, मग स्थिर. नऊवारीतली आजी मांडवात ये-जा करत होती, कुणाला तरी बोटाने दाखवत होती, हसत होती, सतत बोलत होती. आणि या सगळ्यावर सिनेमाची गाणी वाजत होती.

व्हीएचएसमध्ये चित्राच्या रेघा तिरप्या असतात. आवाज मात्र टेपच्या कडेला वेगळ्या सरळ पट्टीवर, स्थिर हेडने लिहिलेला असतो. ऑडिओ कॅसेटच्या निम्म्या वेगाने टेप सरकत असल्यामुळे तो आधीच दबका. शिवाय चित्राला धक्का न लावता तेवढी पट्टी पुसून तिथे दुसरं काही भरता येतं. त्या काळच्या मिक्सिंगवाल्यांनी तेच केलं, कारण लोकांना तेच हवं होतं. मांडवातला गोंगाट कोण ऐकणार? हळदीला हळदीचं गाणं, पाठवणीला पाठवणीचं. आजी दोन तास बोलते आहे आणि तिचे ओठ तेवढे हलताना दिसतात.

दीड तासाने एक गाणं संपलं आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी मांडव ऐकू आला. भांड्यांचा आवाज, एक रडणारं मूल आणि कॅमेऱ्याजवळून एका बाईचा आवाज: "आचाऱ्याला वाढलं का कुणी?" मग गाणं. सगळे मिळून सात सेकंद.

बाबा म्हणाले, आईच. आत्याला क्लिप पाठवली, तिने फोन करून सांगितलं की आवाज मावशीचा वाटतो, पण प्रश्न आईचाच आहे. दोघांनी प्रत्येकी वीसेक वेळा तरी ती क्लिप ऐकली असेल. अजून एकमत झालेलं नाही.

किती वेळ उरलाय

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने 2015 साली इशारा दिला होता की टेपवरचं जे 2025 पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतांशी गेलं असं समजा. टेपवरचा चुंबकीय लेप हळूहळू खराब होतो, हे एक. पण मोठं कारण यंत्रं, सुटे भाग आणि ती जाणणारी माणसं संपत चालली आहेत, हे आहे. 2019 मध्ये युनेस्कोच्या कार्यक्रमातूनही हाच धोका मांडला गेला. हे इशारे संग्रहालयांसाठी होते. आपल्याकडचा संग्रह माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत आणि गावच्या घराच्या कोनाड्यात विखुरलेला आहे.

आमच्या व्हीसीआरमधून आत्तापर्यंत घरच्या आठ आणि शेजाऱ्यांच्या चौदा कॅसेट कॉम्प्युटरवर उतरल्या. प्रत्येक कॅसेटबरोबर हेड थोडं झिजतं आणि त्या मॉडेलचं नवं हेड मला कुठेही मिळालेलं नाही. म्हणून आता कॅसेट घेताना मी विचारतो: हिच्यात कोण आहे, आणि ते माणूस दुसरीकडे कुठे आहे का? सिनेमा असेल तर परत देतो. बारसं असेल तर घेतो.

तुमच्या घरीही विचारा. कॅसेट सापडल्या तर खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात का बघा, त्या उभ्या ठेवा, कोरड्या जागी ठेवा. एखादा चालता व्हीसीआर ओळखीत कुणाकडे आहे, त्याचा पत्ता काढा. आणि हे काम पावसाळ्याआधी करा. हवेत दमटपणा वाढला की आतला सेन्सर ड्रमवरचं बाष्प ओळखतो आणि यंत्र चालायला नकार देतं. जूनमध्ये आमचं तेच होतं. मग ऑक्टोबरपर्यंत शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारत राहतात, "आमची झाली का रे?"