एकमेकांना बांधलेली गलबते



वालावलला समुद्र दिसत नाही, पण कर्लीच्या खाडीतून भरतीचे पाणी आपल्या दारी येते. म्हणून आरमाराची गोष्ट येथे सांगायला मला संकोच वाटत नाही. इतिहासाची पदवी मजजवळ नाही. उभा जन्म कामगार चळवळीत गेला. त्यामुळे जहाज बुडाले की नाखव्याआधी मला खलाशी आठवतो.

जहाजांनी ताफा करून का जावे? एकटे तारू वाटेत कोणीही धरतो; बरोबर दहा असली की धरणारा विचार करतो. परंतु सोबतीतही धोका असतो. 1707 च्या ऑक्टोबरात इंग्लंडचे आरमार भूमध्य समुद्रातून घरी परतत होते. अ‍ॅडमिरल शॉव्हेल सर्वांत पुढच्यांपैकी. आपण पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहोत, हे मोजण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. रात्री सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजे गेली. चौदाशे ते दोन हजार माणसे बुडाली. पुढे 1714 साली तेथील पार्लमेंटने रेखांश काढण्याची रीत शोधणाऱ्यास वीस हजार पौंडांचे बक्षीस लावले, आणि जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या पोराने समुद्रावर चालणारे घड्याळ करून दाखविले.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कान्होजी आंग्रे 1729 साली वारले. मुलांत भाऊबंदकी माजली. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. 1743 च्या सुमारास दक्षिणेचा कारभार तुळाजीकडे आला. तो दर्यावर्दी जबरदस्त. 1754 साली त्याने तीन डच जहाजे गाठली. दोन जाळली, एक धरले. त्याची गुराबे आणि गलबते तळाला उथळ. मोठ्या जहाजाला जेथे पाणी पुरत नाही, तेथे ती शिरत; वारा पडला की गलबते वल्ह्यांवर चालत. मोकळेपणी हलणे, हेच त्यांचे बळ.

तुळाजी पेशव्यांना जुमानीना. नानासाहेब पेशव्यांनी त्याला नमविण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांशी 1755 साली करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर आले. मुंबई सोडण्यापूर्वीच त्यांनी लुटीच्या वाटण्या ठरवून ठेवल्या होत्या! तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेलेला. किल्ला मेहुण्याच्या हाती. आरमार तटाखाली, वाघोटन खाडीत, एकमेकांना बांधून उभे.

12 फेब्रुवारीला दुपारनंतर तोफा सुरू झाल्या. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मूळचे कंपनीचे, तुळाजीने जिंकून आणलेले. त्यावरची आग शेजारच्या गुराबीला लागली, तिची तिसरीला. दोर तोडून निसटायला वेळ कोठला! संध्याकाळपर्यंत आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांच्या पदरी काही नाही. किल्लाही त्यांनी ऑक्टोबरच्या तहापर्यंत सोडला नाही, आणि त्या तहात बाणकोट आपल्याकडे राखले. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिला. पुढल्याच वर्षी, 1757 साली, हेच वॉटसन आणि क्लाईव्ह बंगालमध्ये होते, पलाशी झाली.

पेशव्यांचे आरमार त्यानंतरही होते. 1783 साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ धरले. हात होते, हिंमत होती. पण सुतार, तांडेल, भंडारी आणि गाबीत यांच्या श्रमाने उभे राहिलेले एक अख्खे आरमार आपल्याच दोन घरांच्या भांडणात राख झाले होते. पेशव्यांना पुंड सरदार नमवायचा होता, तुळाजीला आपले स्वातंत्र्य राखायचे होते. दोघांचीही बाजू मांडता येईल. जळालेल्या गुराबीवरच्या खलाशाची बाजू मात्र कोणी विचारली नाही.

संघटनेच्या कामात एक गोष्ट मला रोज दिसते. माणसे एका दोराने बांधली म्हणजे एकजूट झाली, असे पुष्कळांना वाटते. विजयदुर्गाखालची गलबते चांगली घट्ट बांधलेली होती. पुणे आणि विजयदुर्ग यांना जोडणारा धागा तेवढा तुटला होता. शत्रू आत आला तो तेथूनच.