हिप्पी : एका त्यागाचा जमाखर्च



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांला मराठी शिकवीत. शब्द उच्चारण्यापूर्वी तो तोलून पाहावा, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. आपल्या बार्देशात एक शब्द गेली साठ वर्षे न तोलताच वापरला जात आहे. मुलाने केस वाढवले की तो 'हिप्पी', नोकरीत टिकला नाही की 'हिप्पी', घरी उशिरा आला तरी 'हिप्पी'! एकीकडे घरात ही शिवी, आणि दुसरीकडे किनाऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीवर तोच शब्द गिऱ्हाईक ओढण्यासाठी रंगवलेला. एकच शब्द निंदेलाही चालतो आणि जाहिरातीलाही चालतो, तेव्हा त्याच्या मूळ अर्थाचे काही तरी हरवले आहे असे समजावे. हिप्पी म्हणजे कोण, आणि आजच्या काळात हिप्पी असणे याला काही अर्थ उरला आहे काय, या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार करण्याचे मी योजिले आहे.

प्रथम शब्दाचा जन्म पाहू. अमेरिकेतील जॅझ संगीताच्या वर्तुळात 'हिप' म्हणजे जाणकार, काळाची नस ओळखणारा. ५ सप्टेंबर १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झॅमिनर' या दैनिकात मायकेल फॅलन या वार्ताहराने हेट-ॲशबरी या वस्तीतील नव्या तरुणांविषयी लिहिताना 'हिप्पी' हा शब्द योजिला आणि तेथून तो वृत्तपत्री भाषेत रुळला. म्हणजे हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेले आहे. त्या मंडळींपैकी पुष्कळजण स्वतःला 'फ्रीक' म्हणवीत. पुढे आपल्या हणजूणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांतही तोच शब्द चाले.

ही माणसे आकाशातून पडली नव्हती. त्यांच्या आधी 'बीट' कवींची पिढी होऊन गेली होती. त्यांतील ॲलन गिन्सबर्ग हा १९६२-६३ मध्ये भारतात येऊन मुंबई, कलकत्ता आणि बनारस येथे राहिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी सुबत्ता आली तिच्यात ही मुले वाढली. घर, मोटार, शीतपेटी, दूरचित्रवाणी हे सारे त्यांच्या वडिलांनी कष्टाने मिळवलेले आणि यांना जन्मतःच लाभलेले. त्यातच व्हिएतनामचे युद्ध पेटले. १९६८ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि त्यांतील कितीतरी सक्तीच्या भरतीने नेलेले होते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला दूरदेशी मारण्यासाठी किंवा मरण्यासाठी पाठवणारी जी व्यवस्था, तिचीच ती सुबत्ता होती. 'तुमची समृद्धीही नको आणि तुमचे युद्धही नको' असे त्या मुलांनी म्हणावे, यात केवळ लहरीपणा नव्हता. त्यामागे एक नैतिक प्रश्न होता, आणि तो प्रश्न खरा होता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात या तरुणांचा मोठा मेळावा भरला. वीस-तीस हजार माणसे जमली. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी त्याचा असा काही गाजावाजा केला की, त्या उन्हाळ्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून सुमारे एक लाख तरुण त्या एवढ्याशा वस्तीत येऊन धडकले, असा अंदाज आहे. पुढे काय झाले ते हिप्पींच्या इतिहासाचे मर्म आहे. इतक्यांना राहायला जागा नव्हती, खायला अन्न नव्हते, मादक द्रव्यांनी आणि रोगांनी पछाडलेल्यांना औषध नव्हते. तेथे 'डिगर्स' नावाचा एक गट होता. १६४९ मध्ये इंग्लंडात जेरार्ड विन्स्टॅन्ली याच्या नेतृत्वाखाली पडीक जमीन सर्वांची म्हणून कसणारे जे शेतकरी झाले, त्यांचे हे नाव. या गटाने उद्यानाच्या कडेला फुकट जेवण वाटले, फुकट वस्तूंचे दुकान चालवले. डॉ. डेव्हिड स्मिथ या तरुण वैद्याने ७ जून १९६७ रोजी त्याच वस्तीत फुकट दवाखाना उघडला. थोडे लोक रांधत होते, शुश्रूषा करीत होते. बाकीचे बहुसंख्य केवळ जेवत होते. अखेर ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्या वस्तीतील मूळच्या मंडळींनीच 'हिप्पी' या नावाची प्रेतयात्रा काढली. तिरडीऐवजी शवपेटी होती, एवढाच काय तो फरक. वृत्तपत्रांनी घडवलेला हिप्पी मेला, आता ज्याने-त्याने आपापल्या गावी जाऊन काही करावे, असा त्या प्रेतयात्रेचा अर्थ होता.

आपल्याकडे संन्यास घेणारा मनुष्य आपले श्राद्ध आपणच करतो, हे श्रोत्यांना ठाऊक आहे. त्या दोन विधींचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु जुने नाव, जुनी ओळख आणि लोकांचे कौतुक टाकल्यावाचून खरा त्याग सुरू होत नाही, ही जाण दोहोंत आहे. दुर्दैव असे की, नाव मेले नाही. उलट त्याचा बाजार तेथूनच वाढला.

यानंतर हा ओघ पूर्वेकडे वळला. इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर, दिल्ली अशा खुष्कीच्या मार्गाने युरोप-अमेरिकेतील तरुण जुन्या मोटारबशींतून भारतात येऊ लागले. कोणी काठमांडूला वळले, कोणी गोव्याला उतरले. नेपाळ सरकारने १९७३ मध्ये गांजा-चरसाचे परवाने रद्द केले आणि १९७९ मध्ये इराणातील क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे तो खुष्कीचा मार्गच बंद पडला. आपल्या देशात याविषयी जे चित्र सामान्य माणसाच्या मनात ठसले, ते बव्हंशी देव आनंद यांच्या १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटाने ठसवले.

या प्रवासाचे एक आर्थिक अंग आहे, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. तोवर पावणेपाच रुपयांच्या आसपास असलेला डॉलर एकाएकी साडेसात रुपयांचा झाला. अमेरिकेत ज्या रकमेत चार दिवस निघाले नसते, तेवढ्यात कळंगुट-हणजूणच्या बाजूला महिना निघे. तेव्हा ज्याला आपण हिप्पींचे दारिद्र्य म्हणत होतो ते दोन देशांच्या चलनांतील अंतरावर उभे होते. पैसे संपले तर पणजीच्या टपाल कचेरीत घरून पत्र येण्याची आशा होती, आणि खिशात परतीचा मार्ग उघडणारे पारपत्र होते.

त्या काळी मी महाविद्यालयात होतो आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाण्याचा प्रसंग अनेकदा येई. तेथे केळी, मिरच्या, मडकी घेऊन बसलेल्या आमच्या खेड्यांतल्या बाया, आणि त्यांच्यासमोर उकिडव्या बसून खाणाखुणांनी भाव करणाऱ्या परदेशी तरुणी, असे दृश्य दिसे. दोघींचेही पाय अनवाणी असत. त्या वयात मला त्यात मौजच वाटली. पुढे विचार करताना जाणवले की, एकीने चपला टाकल्या होत्या आणि दुसरीला त्या कधी मिळाल्याच नव्हत्या. त्याग या शब्दाचा सारा प्रश्न त्या चार पावलांत आहे. जे आपल्यापाशी आहे तेच टाकता येते. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या साधेपणाला त्याग म्हणणे ही थट्टा होय.

तरीही एकाच बाजूने बोलणे अन्यायाचे होईल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा किनाऱ्यावरची आपली गावे मासळी, माड आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या मनिऑर्डरी यांवर जगत होती. या पाहुण्यांनी खोल्या भाड्याने घेतल्या, चार पैसे घराघरांत आले. त्यांतील कित्येक सुस्वभावी होते. 'एट फिंगर एडी' या नावाने ओळखला गेलेला अमेरिकन गृहस्थ १९६० च्या दशकात आला. लोकांना रांधून घालणारा म्हणून त्याची आठवण सांगतात, आणि हणजूणच्या बुधवारच्या बाजाराच्या प्रारंभाचे श्रेयही त्याला दिले जाते. आपल्याजवळच्या वस्तू विकून राहण्याचा खर्च भागवावा, एवढाच त्या बाजाराचा मूळ हेतू. तो २०१० मध्ये निवर्तला. कॅलिफोर्नियातून आलेल्या आणि 'गोवा गिल' या नावाने प्रसिद्ध झालेल्या संगीतकाराने येथील किनाऱ्यावर जे संगीत रूढ केले ते 'गोवा ट्रान्स' म्हणून जगभर गेले. त्याचे निधन २०२३ मध्ये झाले.

खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. पावसाळा जवळ आला की ही मंडळी मनालीला किंवा काठमांडूला निघून जात. गळके छप्पर, रिकामी होडी आणि कर्ज घेऊन गाव मागे राही. विवस्त्र स्नानाने म्हाताऱ्याकोताऱ्यांची जी कुचंबणा झाली ती त्यांनी मुकाट्याने सोसली. चरस आणि त्याहून घातक द्रव्ये किनाऱ्यावर आली, आणि गावच्या काही मुलांनाही ते व्यसन जडले. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला, तोवर धंद्याची मुळे खोल गेली होती. परदेशी मुलगा बिघडला तर त्याचा वकिलातीमार्फत शोध घेणारे कोणी असे; आमचा बिघडला तर त्याची आई होती. एकाच्या मोकळेपणाचा खर्च असा दुसऱ्याच्या खात्यावर पडला.

येथे आपल्या परंपरेतला एक दाखला द्यावासा वाटतो. वारकरीही घर सोडून निघतो. पेरणी उरकून तो आषाढीला पंढरीची वाट धरतो, उन्हापावसात चालतो, उघड्यावर निजतो. पण त्याच्या गळ्यात माळ आहे, तोंडात नाम आहे, खाण्यापिण्याचे नियम आहेत, आणि दिंडीत शिधा कोणी आणायचा नि चूल कोणी पेटवायची हे ठरलेले आहे. वारी संपली की तो आपल्या शेताकडे परततो. प्रपंच नेटका करून परमार्थ साधावा, ही समर्थांची शिकवण त्याच्या अंगी मुरलेली असते. वाट चालणे दोघांनाही प्रिय. पण वारकऱ्याच्या चालण्याला नियम आहे आणि परतणे आहे. नियमावाचून जे वैराग्य येते त्याला आपल्याकडे स्मशानवैराग्य असे नाव आहे. ते चितेपाशी उपजते आणि घरी पोहोचेपर्यंत विरते.

हा दोष सर्व हिप्पींना लागू पडत नाही, आणि माझ्या विषयाचा उत्तरार्ध येथेच आहे. स्टीफन गॅस्किन नावाचा एक शिक्षक सॅन फ्रान्सिस्कोहून शेकडो अनुयायी बशींत घालून निघाला आणि १९७१ मध्ये टेनेसी राज्यात त्यांनी 'द फार्म' नावाची वसाहत वसवली. मालमत्ता सामाईक, आहार शाकाहारी, स्वतः कसलेली शेती. त्याची पत्नी आयना मे गॅस्किन हिच्या नेतृत्वाखाली तेथील स्त्रियांनी सुईणीची विद्या इतकी जोपासली की, तिचे १९७५ चे पुस्तक पुढे त्या क्षेत्रात प्रमाण मानले गेले. परंतु लोकसंख्या हजारावर गेली आणि कर्ज डोक्यावर चढले. १९८३ मध्ये त्यांनी सामाईक तिजोरी मोडली आणि प्रत्येकाने आपली वर्गणी भरावी असा नियम केला. अनेक जण सोडून गेले. जे उरले त्यांची वसाहत आजही चालू आहे.

दुसरे उदाहरण डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातील ख्रिस्तियानियाचे. १९७१ मध्ये तरुणांनी लष्कराच्या ओसाड बराकी ताब्यात घेऊन तेथे आपली मुक्त वस्ती स्थापिली. कित्येक दशके सरकारशी तंटा चालला. अखेर २०१२ पासून रहिवाशांनी प्रतिष्ठान स्थापून ती जमीन रीतसर विकत घेण्यास आरंभ केला. त्या वस्तीत एका रस्त्यावर उघडपणे गांजा विकला जाई. तो धंदा गुंडांच्या टोळ्यांच्या हाती गेला, खून पडू लागले. तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये रहिवाशांनी स्वतः जमून त्या रस्त्याचे फरसबंदीचे दगड उपटून काढले. ज्यांनी कोणताही नियम नको म्हणून वस्ती थाटली, त्यांनाच पन्नास वर्षांनी स्वातंत्र्य राखण्यासाठी पहार हाती घ्यावी लागली. हिप्पींच्या इतिहासातील हा मला सर्वांत बोधप्रद प्रसंग वाटतो.

तेव्हा आजच्या काळात हिप्पी असणे म्हणजे काय? केस, मणी, रंगीत सदरे आणि शांततेचे चिन्ह हे सर्व बाजाराने केव्हाच उचलले. ते आता घरबसल्या मागवता येते. २०२० च्या महासाथीनंतर लॅपटॉप घेऊन आपल्या किनाऱ्यावर राहायला आलेले नगरवासी तरुणही स्वतःला मुक्त म्हणवतात. पण त्यांच्या मुक्तीपायी खोलीचे भाडे चढते आणि त्याच गावचा मुलगा आपल्या गावात बिऱ्हाड करू शकत नाही. त्या जुन्या नावात जे मोलाचे होते ते असे : गरजा कमी करणे, युद्धाला आणि हावरेपणाला नाही म्हणणे, जवळचे अन्न शेजाऱ्याशी वाटून खाणे. हे करावयास दाढी वाढवावी लागत नाही. मात्र त्याला एक कसोटी लावली पाहिजे : माझ्या मोकळेपणाचा खर्च कोण देतो आहे? तो मीच देत असेन, तर मला हिप्पी म्हणा, साधक म्हणा, नाही तर वेडा म्हणा, काही बिघडत नाही. तो दुसरा कोणी देत असेल, तर मी केवळ पाहुणा आहे, आणि तोही न बोलावलेला.

ही कसोटी यजमानालाही चुकत नाही. या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची किनारपट्टीच्या गावांत घरे आहेत, भाटे आहेत. परदेश्यांना नावे ठेवणे आपणांस सोपे जाते. पण त्यांच्यापैकी कोणी आपली जमीन बळाने नेली नाही. खोली आपण दिली, किल्ली आपण दिली, पुढे माडाचे भाट विकण्याच्या कागदावर सहीही आपणच केली. त्यांचा जमाखर्च मांडताना आपलाही मांडला, तरच तो हिशेब पुरा होईल. तो ज्याने-त्याने आपल्या घरी बसून मांडावा, एवढी विनंती करतो.