कडोदरा ते विद्यापीठ : विद्युत दुचाकी आणि परिसरातील चार्जिंग

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा हे मुंबई–अहमदाबाद (राष्ट्रीय महामार्ग ४८) आणि हजीरा–धुळे–नागपूर (राष्ट्रीय महामार्ग ५३) या दोन महामार्गांच्या चौकावर वसलेले औद्योगिक गाव आहे. धुळे, नवापूर, व्यारा, बारडोली असा प्रवास करत सुरतेच्या लिंबायत-उधना भागात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना हा चौक चांगलाच परिचयाचा. पश्चिमेला सुरत शहरात १९६५ साली स्थापन झालेले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आणि सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, तर पूर्वेला बारडोलीजवळ उका तरसाडिया विद्यापीठ. यांपैकी कोठेही जायचे, तरी कडोदऱ्याच्या विद्यार्थ्याला रोजची ये-जा चुकत नाही.

अशा विद्यार्थ्याचा हिशेब मांडला, की विद्यापीठाच्या परिसरात कोणत्या प्रकारचे चार्जिंग हवे हे आपोआप ठरते. जाऊन-येऊन ४० किलोमीटर अंतर धरले आणि विद्युत स्कूटर किलोमीटरमागे ३० वॅट-तास खर्च करते असे मानले, तर दिवसाची गरज सव्वा युनिटच्या आसपास भरते. सुमारे ७०० वॅटच्या साध्या चार्जरवर ती दोन तासांत भागते. स्कूटर मात्र वाहनतळावर पाच-सहा तास उभी असते. म्हणजे येथे घाई नाही. महामार्गावर जलद डीसी चार्जर लागतो, कारण तेथे प्रवासी थांबून राहू शकत नाही. विद्यापीठात लाखो रुपयांचा एक जलद चार्जर बसवून उद्घाटनाची फीत कापण्यापेक्षा शंभर साधे, सुरक्षित, मीटर लावलेले सॉकेट अधिक उपयोगाचे.

अर्थात शंभर स्कूटर सकाळी दहाला एकदमच जोडल्या, तर ७० किलोवॅटचा भार एका क्षणी पडतो. मंजूर भार कमी असेल, तर प्रयोगशाळांचे पंखे-यंत्रे आणि वाहनतळ यांत ओढाताण होणारच. यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही: गाड्यांचे दोन-तीन गट पाडून सॉकेट आळीपाळीने सुरू करणारी नियंत्रण व्यवस्था. दुपारच्या उन्हाशी विद्यापीठाची वेळ चांगली जुळते, त्यामुळे छतावरील सौर पॅनेलची वीज थेट गाड्यांत उतरू शकते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही सार्वजनिक चार्जिंगसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर वेळेत स्वस्त, तर उर्वरित वेळेत महाग वीज असे सूत्र सुचवले आहे.

पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न समितीच्या बैठकीत हमखास निघतो. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी वीज कायदा २००३ खाली परवान्याची गरज नाही, असे केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले. त्यामुळे वापरलेल्या युनिटांचे शुल्क आकारण्यात विद्यापीठाला परवान्याची अडचण नाही. आदर्श इमारत उपविधींतील २०१९ ची दुरुस्ती वाहनतळाच्या २० टक्के जागेत चार्जिंगची सोय सुचवते. नव्या इमारतींत वायरिंगची नळी आधीच टाकून ठेवली, तर पुढे फरशी उखडावी लागत नाही. गुजरातच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात दुचाकीस २० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. गाड्या वाढल्या, तशी सॉकेटची मागणीही वाढणे क्रमप्राप्तच.

खरी काळजी वसतिगृहांची आहे. अधिकृत सॉकेट नसले, की काढता येणारी बॅटरी खोलीत येते आणि रात्रभर गादीशेजारी, पलंगाखाली किंवा जिन्याच्या तोंडाशी चार्ज होत राहते. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर तर आणखी घातक. लिथियम-आयन बॅटरीने पेट घेतला, तर उष्णतेची साखळी आतल्या आत चालू राहते, विषारी धूर निघतो आणि विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा भडकू शकते. २०२२ मधील स्कूटर-आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या खऱ्या, पण जुन्या बॅटऱ्या आणि नकली चार्जर अजून वापरात आहेत. सुरतेला हा विषय परका नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला संकुलाच्या आगीत शिकवणीला आलेले २२ विद्यार्थी दगावले. त्या आगीचा विद्युत वाहनांशी संबंध नव्हता. बाहेर पडण्याची वाट बंद झाली की काय होते, ते मात्र तिने दाखवले. म्हणून चार्जिंगची जागा इमारतीपासून दूर, मोकळ्या हवेत, जिन्यापासून आणि दारापासून अलग असावी, आणि खोलीत बॅटरी आणण्यास मनाई करण्यापूर्वी बाहेर पुरेसे सॉकेट द्यावेत. सोय न देता काढलेले परिपत्रक कोणी पाळत नाही.

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात फोंडा, म्हापसा, मडगावहून येणाऱ्यांचाही हिशेब जवळपास हाच, फक्त आपल्याकडे पाऊस अधिक आणि चढही अधिक. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र गळती-रोधक स्विच, नीट भू-जोडणी आणि पाणी न शिरणारे आवरण हवे. सुरतेने ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर पाहिलेला असल्याने तेथील सखल वाहनतळांवर सॉकेटची उंची पुराची जुनी पातळी पाहूनच ठरवावी लागते.